लेकीच्या जन्मसालाची ओ-ब्रियों: रेड घ्यावी की व्हाइट?

पेसाकची_शर्वरी: नमस्कार मंडळी. आम्ही फ्रान्समध्ये बोर्दोला खेटून पेसाकला राहतो, शातो ओ-ब्रियों या वाइनच्या वाडीचे द्राक्षमळे रोज दिसतात. लेक २०१६ ची. तिच्या अठराव्या वाढदिवसाला उघडायला तिथलीच एक बाटली घ्यायची आहे. नवरा म्हणतो, व्हाइट टिकत नाही, वर्षात संपवायची. खरंय का?

गारगोटी: साध्या व्हाइटबद्दल नवरोजी बरोबर बोलतायत. ओ-ब्रियोंच्या नाही. बोर्दोत वाइनच्या दुकानात उभा असतो, म्हणून जरा लांबण लावतो.

बोर्दोच्या वाइन्सच्या १८५५ च्या प्रतवारीत पहिल्या श्रेणीत मेदोक या भागाबाहेरची एकच शातो (वाइनची वाडी) घेतली, ती ही. पण तो मान रेडचा. व्हाइटचा मळा तीन हेक्टरांहूनही लहान, म्हणून ती सहसा रेडपेक्षा महाग. त्यात सोव्हिन्यों ब्लां द्राक्षांबरोबर सेमियों द्राक्षं असतात. सुरुवातीला लिंबू, मोसंब्याचा वास. मग काही वर्षं अगदी मुकी होते, वास-चव दबून जाते (गिऱ्हाइकं हमखास तेव्हाच उघडतात आणि येऊन कुरकुरतात). पुढे मध, मेण, भाजलेला सुकामेवा. चांगल्या सालाची वीस वर्षं सहज जाते.

तरीही तुम्ही रेडच घ्या. २०१६ चा उन्हाळा कोरडा गेला. रेडला तो मानवला, व्हाइटमध्ये मात्र आंबटपणा जरा कमी पडला. लेक २०१७ ची असती तर उलट सांगितलं असतं.

सांडगी_मिरची: पुण्याला माझ्याकडे पाठवा, माळ्यावर भरपूर जागा आहे!

गारगोटी: पुण्याचा एक मे महिना आणि वाइन बिघडलीच. तिला हवं बारा-तेरा अंश तापमान, अंधार, बाटली आडवी. माळा लोणच्यांनाच ठेवा.

पेसाकची_शर्वरी: किंमत पाहून डोळे पांढरे झाले हो. ल क्लारांस चालेल का?

गारगोटी: का नाही? त्याच मळ्यांतली, त्यांचीच दुसऱ्या फळीची रेड. २००७ च्या आधी तिला बाआं ओ-ब्रियों म्हणायचे. २०१६ ची अठरा वर्षं तग धरेल. नाहीतर लेओन्यां गावच्या दोमेन द शव्हालिए या वाडीची रेड बघा. माझ्या मते त्या पैशात तिला तोड नाही. दोन घ्या, एक २०३० च्या सुमारास उघडून अंदाज घ्या. आणि वाढदिवसाच्या आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा, गाळ खाली बसतो.