तांब्याचा भाव एकटा काय सांगणार?

काका, ‘तांबं महागलं की चिली-झांबियाची चांदीच’ हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. आम्ही इथे बडोद्यात, मकरपुऱ्याला, ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगसाठी तार घेतो. सकाळी लंडनच्या धातूबाजारातला तांब्याचा भाव आणि डॉलरचा दर बघितल्याशिवाय कोटेशन निघत नाही, आणि निघालं तरी दोन-तीन दिवसांपुरतंच. पण चिली-झांबियासारख्या तांबं विकणाऱ्या देशाला नुसता आपला भाव बघून भागत नाही. एका टनाच्या बदल्यात बाहेरून किती तेल, किती यंत्रं येतात, खरी मेख तिथे आहे.

झांबियाचंच घ्या. १९७० च्या दशकात निर्यातीत तांब्याचा वाटा ९० टक्क्यांहून जास्त होता. १९७३-७४ मध्ये तेल जवळपास चौपट झालं आणि १९७५ मध्ये तांबं कोसळलं. दोन्हीकडून मार! मंदी तात्पुरती आहे असं समजून सरकार कर्ज काढून खर्च करत राहिलं, आणि त्या कर्जाने पुढे कित्येक वर्षं पाठ सोडली नाही.

चिलीने २००१ पासून वेगळी वाट धरली. तज्ज्ञ तांब्याचा दीर्घकालीन भाव अंदाजतात, बजेट त्यावर बेततं, वरची कमाई बाजूला. तेजीत हात आखडला म्हणून तेव्हाचे अर्थमंत्री वेलास्को यांनी भरपूर बोलणी खाल्ली (बोनस राखून ठेवा म्हणणाऱ्याचं घरोघरी हेच होतं). २००९ च्या मंदीत त्याच शिलकीच्या जोरावर सुमारे ४ अब्ज डॉलरचं पॅकेज देता आलं. शिवाय शिल्लक डॉलरमध्ये परदेशी ठेवल्याने पेसो (चिलीचं चलन) वधारण्याला थोडा लगाम बसतो, नाहीतर माल बाहेर महाग पडून तिथले द्राक्षं आणि सामन मासे निर्यात करणारे भरडले जातात.