नामी, नाओमी की नेओमी?

प्रश्न : एका इस्रायली कादंबरीचा अनुवाद करताना त्यातील आत्याचे नाव मी मराठी बायबलच्या वळणाने ‘नामी’ असे लिहिले. ‘नामी आत्या दारात उभी होती’ या वाक्याशेजारी संपादकांनी पेन्सिलीने लिहिले आहे, ‘आत्या नामी आहे हे समजले, तिचे नाव काय?’ मी काय लिहावे?

— मूळ हिब्रू धातू नून-ऐन-मेम असा असून रम्यता, गोडवा हा त्याचा अर्थ आहे. त्यातील ‘ऐन’ हे व्यंजन घशाच्या तळातून येते आणि त्यासाठी देवनागरीत अक्षरच नाही. त्यामुळे आपण कसेही लिहिले तरी ते गळणारच.

— मराठी ‘नामी’ म्हणजे उत्तम, हिब्रूतही तसाच अर्थ. तेव्हा फारसीमार्गे हा एकच शब्द असावा, असे माझे आजोबा सांगत असत.

— आजोबांविषयी पूर्ण आदर आहे, पण आपला ‘नामी’ फारसी ‘नाम’वरून आला आणि ते ‘नाम’ संस्कृत ‘नामन्’चे भाऊबंद आहे. हिब्रू नावाचे खरे नातलग अरबीत सापडतात : ‘नईमा’ हे मुलीचे नाव आणि उर्दूतून आपल्या कानी पडणारा ‘नेमत’.

— ‘नेओमी’ तर मुळीच नको, तो इंग्रजी उच्चार झाला. परंपरेने चालत आलेल्या स्वरचिन्हांप्रमाणे शुद्ध रूप ‘नोओमी’ असे आहे आणि लॅटिन बायबलातही ‘नोएमी’च आहे.

— शुद्धतेचा एवढा सोस असेल तर इस्रायलमध्ये सर्रास ‘नाओमी’ म्हणणाऱ्यांनाही आधी सुधारावे लागेल. मराठी ख्रिस्ती घरांत ‘नामी’ रुळलेले आहे. एका संपादकाला हसू आले म्हणून ते बाद कसे ठरते?

— शेवटचा ‘ई’ मात्र राहिलाच. काही जण तो ‘माझी’ या अर्थाचा मानून ‘माझा आनंद’ असा अर्थ लावतात. मला तो नुसता नामान्त वाटतो.

— मला तो ‘माझी’चाच वाटतो.

— रूथच्या पुस्तकात पती आणि दोन्ही मुलगे मवाबात गमावून बेथलेहेमला परतलेली ही बाई म्हणते की आता मला ‘नामी’ न म्हणता ‘मारा’, म्हणजे कडू, म्हणा. रविवारच्या शाळेत ‘मला मारा म्हणा’ हे वाक्य मोठ्याने वाचताना आमचा अख्खा वर्ग हसला होता, आणि बाईंनी खरोखरच मारले होते.