पंच्याहत्तरीचा रॉक गायक आणि मागे अख्खा ऑर्केस्ट्रा, तुमचं काय मत?

लांबपल्ला:
६ जुलै २०१९ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये द हू या ब्रिटिश रॉक बँडचा ऑर्केस्ट्रासोबतचा शो बघितला होता. त्याचंच लाइव्ह रेकॉर्डिंग २०२३ मध्ये आलं, परवा ते पुन्हा लावलं आणि धाकट्या भावाशी जोरदार वाजलं, म्हणून हा धागा. त्याचं म्हणणं, आवाज गेला की मग ऑर्केस्ट्रा आणतात, झाकायला. मला हे अजिबात पटत नाही.

त्यांचा गायक रॉजर डाल्ट्री त्या दिवशी ७५ वर्षांचा होता. मी खूप मागे होतो, स्टेजवरची माणसं बोटाएवढी दिसत होती, सगळं स्क्रीनवरच बघायचं. शेवटाकडे 'लव्ह, रेन ओ'अर मी' आलं. १९७३ च्या रेकॉर्डवर त्यात जी आर्त आरोळी आहे ती २९ वर्षांच्या पोराची आहे, त्यामुळे माझ्या पोटात गोळा, की आता हा काय करणार. आधी पियानो, मग व्हायोलिनं हळूहळू चढत गेली आणि तो आला तो सरळ वरच्या सुरावर. आवाज जुन्यासारखा धारदार नव्हता, जाडसर, खरखरीत, पण पूर्ण छातीतून. स्क्रीनवर मानेच्या शिरा दिसत होत्या. माझ्या शेजारचा साठीचा गोरा गृहस्थ डोळे पुसत होता आणि लपवतही नव्हता.

माझा मुद्दा एवढाच आहे की ऑर्केस्ट्रामागे लपायला जागाच नसते. बँड गायकाला सांभाळून घेतो, एखादी ओळ लांबली तर ड्रमर थांबतो. पन्नासेक माणसं समोर कागद ठेवून वाजवतायत तिथे कोण कुणासाठी थांबणार? तिथे ७५ व्या वर्षी उभं राहणं म्हणजे झाकणं नाही, उलट सगळं उघड्यावर मांडणं आहे.

तीनतारी:
असहमत, आणि मी द हूचा तीस वर्षांचा भक्त आहे, तेव्हा रागावू नका. तुम्ही म्हणताय की ऑर्केस्ट्रा थांबत नाही. तेच तर दुखणं आहे! १४ फेब्रुवारी १९७० चं लीड्स विद्यापीठातलं रेकॉर्डिंग काढा. तीन वाद्यं आणि एक आवाज, बस. एकेक गाणं कुठल्या कुठे जातं, एक तर जवळपास १५ मिनिटं ताणलंय, गिटारवाला पीट टाऊनशेंड मध्येच भलतंच काहीतरी सुरू करतो आणि बाकीचे त्याच्यामागे धावतात. पुढच्या क्षणी काय होणार हे स्टेजवर कुणालाच माहीत नसायचं, आणि ती धास्ती ऐकणाऱ्यालाही लागायची. ऑर्केस्ट्रा आला की सगळं कागदावर ठरलेलं. कितव्या मात्रेला काय वाजणार हे दुपारीच माहीत.

दुसरं म्हणजे जागा. त्या चौघांच्या आवाजात मोकळी जागा होती, त्या जागेतच डाल्ट्रीचा आवाज घुमायचा. आता त्या जागेत व्हायोलिनं भरून ठेवलीयत. वेम्बलीचं रेकॉर्डिंग मीही हेडफोन लावून दोनदा ऐकलं. सुंदर आहे, पण पाहुण्यांसाठी आवरून ठेवलेल्या घरासारखं.

जुना_टेप:
तीनतारी, ठरलेलं असण्याबद्दल एक गोष्ट विसरताय. १९७१ चं 'बाबा ओ'रायली' घ्या (नावातले बाबा म्हणजे आपल्या नगरजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा, टाऊनशेंड त्यांचा अनुयायी, आणि रायली म्हणजे संगीतकार टेरी रायली). त्याच्या सुरुवातीची ती गरगरणारी कीबोर्डची लड ते स्टेजवर टेपवरूनच सोडायचे, आणि कीथ मूनसारखा वादळी ड्रमर हेडफोन लावून त्या टेपबरोबर वाजवायचा. टेप तर कंडक्टरपेक्षाही निर्दयी, कंडक्टर निदान मान वर करून बघतो तरी. त्या गाण्यातला धोका कमी झाला का? नाही ना?

आणि 'आवाज गेला म्हणून ऑर्केस्ट्रा' हे तर तारखांवरच टिकत नाही. 'टॉमी' या द हूच्या रॉक ऑपेराचं लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबतचं रूप १९७२ चं. त्याच डिसेंबरमध्ये लंडनच्या रेनबो थिएटरात ते सादर झालं, तेव्हा डाल्ट्री २८ वर्षांचा, आवाज ऐन भरात. पुढे फेब्रुवारी १९९४ मध्ये, पन्नाशी पूर्ण व्हायला आठवडा उरला असताना, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मायकल केमनच्या कंडक्टिंगखाली गायला. वेम्बलीपर्यंत माणूस ४७ वर्षं हा नाद करत आला आणि तुमचा भाऊ म्हणतो म्हातारपणाची सोय.

लांबपल्ला:
रेनबोचं लक्षातच नव्हतं. भावाला आत्ताच पाठवलं.

विओलावाली:
मी इथे इंग्लंडमध्ये फ्रीलान्स विओला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) वाजवते, असे रॉकचे शो बरेच केलेत, म्हणून खुर्चीवरून काय दिसतं ते सांगते. दोघांचंही थोडं बरोबर, थोडं चुकीचं आहे.

बऱ्याचदा रिहर्सल एकच असते, त्याच दिवशी दुपारी, तीन तास. वाद्याच्या घोडीजवळ चिमुकला माईक लावतात, एका कानात हेडफोन, ड्रमर पारदर्शक भिंतीच्या आड, नाहीतर झांजा आमच्याच माईकमध्ये शिरतात. आणि पानावर काय असतं? पुष्कळदा काही नाही. आठ आठ मात्रा एकच सूर धरून बसायचं. कळकळीने सांगते, असल्या अरेंजमेंटमध्ये आम्ही साठ जण नसतो तरी कुणाला कळलं नसतं. तीनतारी म्हणतात ती भरलेली जागा हीच. गायकाचा आवाज आणि आमचे मधले सूर एकाच पट्ट्यात येतात आणि साउंडवाल्याला दोघांपैकी एकाला दाबावं लागतं.

पण लांबपल्ला म्हणतात तेही मी डोळ्यांनी पाहिलंय. एका शोमध्ये गायक सत्तरी पार केलेला, नाव सांगत नाही. मधला वाजवायचा तुकडा संपायच्या आधी दोन मात्रा तो गायला लागला. ड्रमर क्षणात त्याच्याबरोबर उडी मारून गेला, आम्ही मात्र पानावर जिथे होतो तिथेच. तीन-चार सेकंद दोन गाणी एकदम वाजत होती. कंडक्टरने दोन्ही हात खाली सोडले, आमचे गज थांबले, आणि मग तो आमच्याकडे बघून एवढंच ओरडला, "जी!" पानावर अशी अक्षरं असतात, सगळ्यांनी एकदम तिथे उडी घेतली. या सगळ्यात त्या म्हाताऱ्याने गाणं सोडलं नाही. उघडा पडला होता बिचारा, मागे फक्त ड्रम आणि बास, वीस-पंचवीस सेकंद आवाजावर ओढून नेलं, आणि आम्ही परत आलो तेव्हा हॉलमधून जो आवाज उठला तो मला अजून ऐकू येतो.

तीनतारी:
विओलावाली ताई, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. पण बघा ना, त्या रात्रीचं तुम्हाला काय आठवतंय? ऑर्केस्ट्रा थांबला तो भाग!

विओलावाली:
हो, आणि आम्ही परत आलो तोही. आधी साठ जण वाजवत होते म्हणूनच ते रिकामेपण ऐकू आलं.

काळी_चार:
मला वाटतं प्रश्न आवाजाचा नाहीच, अरेंजमेंटचा आहे. रॉक गायक पीटर गॅब्रिएलने २०१० च्या दौऱ्यात ड्रम आणि गिटार दोन्ही काढून टाकले, फक्त ऑर्केस्ट्रा. तेव्हा तो साठीचा. अरेंजर जॉन मेटकाफने गाणी पुन्हा पायापासून बांधली, लयसुद्धा तंतुवाद्यांच्या गजावर आणि टिचक्यांवर. तिथे ऑर्केस्ट्रा म्हणजे गाण्याचा सांगाडा आहे, वरून पांघरलेली शाल नाही.

आणि पट्टी उतरवली म्हणून नाकं मुरडणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. म्हाताऱ्या गवयाने पट्टी उतरवली तर आपण कधी नावं ठेवतो का? उलट म्हणतो आता सुरात मुरलाय. रॉकवाल्याने अर्धा सूर खाली घेतला की लगेच 'संपला'. घशातले स्वरतंतू वयाबरोबर ताठरतात, वरचे सूर आधी जातात, हे शरीर आहे.

जुना_टेप:
+१. एल्टन जॉनचं १९८६ चं सिडनीचं रेकॉर्डिंग ऐका, मेलबर्न सिम्फनीसोबतचं. वय ३९ च, पण घशात गाठी झालेल्या, पुढच्याच महिन्यात जानेवारी १९८७ ला ऑपरेशन. आवाज अक्षरशः सोलवटलेला आहे. ऑर्केस्ट्राने तो झाकला का? उलट इतक्या गुळगुळीत व्हायोलिनांपुढे तो खरखरीतपणा दुप्पट टोचतो, आणि म्हणूनच मला ते रेकॉर्डिंग इतकं प्रिय आहे.

तीनतारी:
एल्टनचं मान्य, आणि रेनबोचंही, १९७२ ला झाकण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणजे तुमच्या भावाच्या बाजूने मी नाही. पण लांबपल्ला, एक खरं सांगा. वेम्बलीत मध्येच ऑर्केस्ट्रा बाजूला झाला होता, आणि डाल्ट्री आणि टाऊनशेंड दोघंच उभे राहिले, एक अकूस्टिक गिटार आणि एक आवाज, आणि त्यांचं सगळ्यात दणदणीत गाणं त्यांनी तसं केलं. रेकॉर्डिंगवर तिथे लोकांचा आवाज ऐका. बाकी सगळ्या गाण्यांत मी जे शोधत होतो ते मला त्या एका गाण्यात मिळालं. पन्नासहून जास्त वर्षांची दोस्ती असलेले दोन भांडखोर मित्र, मध्ये काहीही नाही. सगळा शो असाच का नाही केला?

लांबपल्ला:
तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत. त्या गाण्याला मीही घसा बसेपर्यंत ओरडलो, माझ्या आजूबाजूचा प्रत्येक जण ओरडत होता. खोटं कशाला बोलू.

पण त्यानंतर तासाभराने ती व्हायोलिनं चढत गेली तेव्हा मात्र कुणी ओरडलं नाही. आमच्या ब्लॉकमध्ये सगळे गप्प झाले. मला ते गप्प होणं जास्त आठवतं.

तीनतारी:
आज रात्री तो शेवटचा भाग पुन्हा लावतो, यावेळी हेडफोन न लावता, मोठ्या स्पीकरवर. उद्या लिहितो.