सल्ला हवाय: नाशिकमध्ये घरून ऑनलाईन लेखनाची कामं, सुरुवात नेमकी कुठून करू?

सिडकोकर_मृण्मयी
नमस्कार मंडळी. मी नाशिकला सिडकोत राहते, बीएस्सी अ‍ॅग्री झालंय, लग्नाआधी आणि नंतरही पिंपळगावकडच्या एका द्राक्ष एक्स्पोर्टच्या पॅकहाऊसला क्वालिटीचं काम बघत होते, बाळ झाल्यावर सोडलं कारण सीझनमध्ये रात्री घरी यायची वेळ काही ठरलेली नसते. आता मुलगा नर्सरीत जातो त्यामुळे सकाळचे तीनचार तास माझे असतात आणि मला लेखनाचं काम करायचंय, हौस म्हणून नाही, महिन्याला घरात पैसे यायला हवेत. मराठी चांगलं आहे, इंग्रजी वाचून सगळं समजतं पण लिहायला वेळ लागतो. फायव्हर या फ्रीलान्स कामाच्या साईटवर प्रोफाईल टाकलंय की ब्लॉग, सोशल मीडिया, कविता, निबंध, भाषांतर सगळं करून मिळेल, पण महिना होऊन गेला, एकही मेसेज नाही. एकांनी घरबसल्या टायपिंगचं काम देतो म्हणून अडीच हजार रजिस्ट्रेशन मागितलंय. आणि कॉलेज रोडला एका क्लासमध्ये कंटेंट रायटिंगचा कोर्स आहे पण फी फार आहे. कोर्स करू का? ते रजिस्ट्रेशन भरू का? कुणी नाशिकमधून हे काम करत असेल तर प्लीज सांगा.

गोदाकाठ
ताई आधी दुसऱ्या प्रश्नाचं, ते अडीच हजार अजिबात भरू नका. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. हे टायपिंगवाले पुढे काय करतात ते पण ऐका, आधी एक अ‍ॅग्रीमेंट सही करून घेतात, मग अशक्य वाटेल इतकी पानं चारपाच दिवसांत मागतात, मग अ‍ॅक्युरसी कमी आली म्हणून वकिलाच्या नावाने नोटीस पाठवतात की इतका दंड भरा नाहीतर कोर्टात या, आणि घाबरून बायका, विद्यार्थी पैसे भरतात. आधार पॅन पाठवला असेल तर अजून काही पाठवू नका, नंबर ब्लॉक करा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा, सायबरची हेल्पलाईन आहे, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम थांबायची शक्यता जास्त.

सिडकोकर_मृण्मयी
पैसे नाही भरले दादा, पण पॅनचा फोटो पाठवलाय :( आता ब्लॉक करते. थँक्यू खरंच.

अक्षरगंगा
मृण्मयी, मी इंदिरानगरला राहते आणि बरीच वर्षं हेच काम करून घर चालवतेय म्हणून जरा मोठं लिहिते, सवडीने वाच.

तू पॅकहाऊसला क्वालिटी बघत होतीस हे एका ओळीत सांगून पुढे गेलीस. मला तर तुझ्या सगळ्या पोस्टमध्ये तीच ओळ महत्त्वाची वाटली. सगळं करून मिळेल असं लिहिणारे लाखो आहेत त्या साईटवर आणि ग्राहक शोधताना कधीच 'सगळं' असं शोधत नाही, त्याला त्याच्या कामाचं माहीत असलेला माणूस हवा असतो. तुला रेसिड्यू, म्हणजे फळात उरणारा औषधाचा अंश, काय असतो ते माहीत आहे, युरोपला माल जाताना ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरवलेली नाही तिथे किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतात हे तुला पाठ असेल, ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी पोर्टलवर, बागेची नोंदणी कशी होते, शेवटची फवारणी आणि काढणी यात किती दिवस सोडायचे आणि ते का सोडायचे, हे तू झोपेतून उठवलं तरी सांगशील. हे मराठीत शेतकऱ्याला समजेल असं लिहू शकणारी माणसं फार थोडी आहेत गं. आणि ज्यांना हे लिहून हवंय ते सगळे तुझ्या आजूबाजूला आहेत, खतं औषधं बनवणाऱ्या कंपन्या, ड्रिपवाले, नर्सऱ्या, शेतकरी उत्पादक कंपन्या, एक्स्पोर्टर, शेतीची अ‍ॅप चालवणारे. त्यांना लागतं काय तर माहितीपत्रक, व्हॉट्सअ‍ॅपवर शेतकऱ्यांना पाठवायचे मेसेज, यूट्यूबच्या व्हिडिओची स्क्रिप्ट, प्रशिक्षणाची पुस्तिका. सध्या यातलं बरंच काम बाहेरगावच्या एजन्सी करतात आणि लिहिणाऱ्याने बाग पाहिलेली नसते, त्याला कुठून कळणार की गोडी, म्हणजे फळासाठीच्या, छाटणीनंतर पाऊस लागून राहिला की शेतकऱ्याची झोप का उडते.

तर प्रोफाईलमधून कविता, निबंध सगळं काढ. एकच लिही, द्राक्ष आणि फळबागेवर मराठीत शेतकऱ्यांसाठी लेखन, इंग्रजीतून मराठी भाषांतर. मग तीन नमुने तयार कर, कुणी सांगितलं नसताना. पहिला, काढणीपूर्व कालावधी का पाळायचा, एक पान. दुसरा, पॅकहाऊसला माल कुठल्या कारणांनी नाकारला जातो, व्हिडिओची स्क्रिप्ट, तीन मिनिटांची. तिसरा, भुरी आणि केवडा हे द्राक्षावरचे रोग ओळखायचे कसे, व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज, बारा ओळींच्या आत. जुन्या नोकरीतले कागद, रिपोर्ट, फोटो यातलं काहीही वापरू नकोस, ते त्यांचं आहे. औषधाचं प्रमाण लिहायची वेळ आली तर लेबलवर आहे तेच लिहायचं, स्वतःच्या मनाने एक थेंबही नाही, कारण वाचून कुणीतरी खरंच फवारणार आहे. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या सूचना येत असतात त्या वाचत राहा.

कोर्सला माझं नाही म्हणणं आहे. तेवढ्या पैशात चांगली खुर्ची आणि इन्व्हर्टर घे. शिकायचंच असेल तर आपल्या मुक्त विद्यापीठाची कृषीची पुस्तकं मिळाली तर वाच, कठीण विषय साध्या मराठीत कसा मांडतात ते त्यात दिसतं. आणि घरात बसून होत नसेल तर सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात जाऊन बस, १८४० पासूनचं वाचनालय आहे आपलं, तिथे बसलं की काम होतं असा माझा अनुभव.

पंचवटी_एक्सप्रेस
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. मी पुण्याला एजन्सीत होतो, एआय आल्यापासून साध्या ब्लॉगचं काम जवळपास संपलं, पूर्वी ज्याला पैसे मिळायचे ते आता ग्राहक स्वतः दोन मिनिटांत काढतो. आत्ता या क्षेत्रात नव्याने येणं मला धोक्याचं वाटतं. त्यापेक्षा अ‍ॅग्रीवर कृषी सेवा केंद्राचं लायसन काढा.

अक्षरगंगा
तुम्ही म्हणता ते साध्या ब्लॉगपुरतं खरं आहे, माझीही तसली कामं गेली. 'पाणी पिण्याचे दहा फायदे' छापाचं लेखन करायला आता कुणी यायलाच नको. पण गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे नवीन काम कुठलं येतंय तर मशीनने लिहिलेलं मराठी तपासून द्या. शेतीत, औषधात, कायद्यात चुकीचा आकडा गेला तर कंपनीचं नाव जातं, त्यामुळे वाचून जबाबदारी घेणारा जाणकार माणूस त्यांना हवा आहे. फक्त अशा तपासणीला कमी दर मागतात कारण 'नुसतं वाचायचंय' असं त्यांना वाटतं, प्रत्यक्षात कधीकधी सगळं परत लिहावं लागतं, म्हणून तपासणीचा दर तासावर ठरवायचा, शब्दावर नाही.

भाषांतरकार_नाशिकरोड
भाषांतराबद्दल थोडं सांगतो. शब्दावर दर असतो आणि तो शक्यतो मूळ इंग्रजी मजकुराच्या शब्दांवर ठरवा, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच दोघांनाही रक्कम माहीत असते. प्रोझ या भाषांतरकारांच्या साईटवर नाव नोंदवा, तिथे एजन्सींबद्दल भाषांतरकारांनी दिलेले अनुभव असतात, काम घ्यायच्या आधी त्या एजन्सीचं नाव तिथे शोधायचंच. टेस्ट मागतात, दोनअडीचशे शब्दांची फुकट दिली तर चालतं, दोन हजार शब्दांची टेस्ट म्हणजे तुमच्याकडून काम फुकट काढून घेणं, नाही म्हणायचं. भाषांतराचं सॉफ्टवेअर सुरुवातीला विकत घेऊ नका, ओमेगाटी फुकट आहे आणि शिकायला पुरेसं आहे.

टायपिंग युनिकोडमध्येच करा, शक्यतो इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका, पंधरावीस दिवस बोटं अडखळतात मग वेग येतो. स्थानिक छापखाने, काही प्रकाशक अजून श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये फाईल मागतात, तर घाबरायचं नाही, कन्व्हर्टर असतात, फक्त बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला, तिथेच गडबड होते. आणि शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ ला वाढवलेले चार, एवढे अठराच आहेत, एक वही करून लिहून काढा. ऱ्हस्व दीर्घ चुकलेला नमुना पाठवला की पुढे कुणी वाचत नाही, निदान मी तरी वाचत नाही.

सिडकोकर_मृण्मयी
अक्षरगंगा ताई, दादा, तुम्ही इतकं लिहिलंत, मी दोनदा वाचलं. मला खरंच वाटत नव्हतं की पॅकहाऊसचं काम इथे उपयोगी पडेल. आता पैशाचं विचारते. दर किती सांगायचा? आणि आमच्याकडे हे म्हणतात की ऑनलाईन कामात पैसे बुडतात, तर बुडाले तर करायचं काय? फायव्हर किती कापतं? टॅक्सचं मला काहीच कळत नाही.

अक्षरगंगा
फायव्हर २० टक्के कापतं, म्हणजे हजाराचं काम केलं की हातात आठशे. अपवर्कवर अर्ज करायलाच कनेक्ट्स, म्हणजे त्यांची टोकनं लागतात, ती बहुधा विकत घ्यावी लागतात. मी या साईट सोडून दे असं म्हणत नाही, पण तुझं पहिलं काम मला वाटतं तिथून येणार नाही, ओळखीच्या एखाद्या कंपनीकडून येईल.

दराचं असं कर, शब्दाचा आकडा कुणाला विचारू नकोस, आधी एक नमुना घड्याळ लावून लिही, माहिती शोधणं, लिहिणं, तपासणं, दुरुस्ती सगळं धरून. मग तासाला तुला किमान किती मिळायला हवेत ते ठरव, त्यावरून एका पानाची रक्कम काढ. मी छोट्या कंपन्यांना शब्दाऐवजी कामाची रक्कम सांगते, एका माहितीपत्रकाचे इतके, त्यात दोन दुरुस्त्या धरलेल्या, तिसरीला वेगळे पैसे. नवीन ग्राहकाकडून अर्धे आधी. आधी म्हणजे काम सुरू करायच्या आधी. जो अर्धे द्यायला कुरकुरतो तो पूर्ण द्यायला त्याहून कुरकुरतो.

सातपूर_हिशोबनीस
टॅक्स आणि बुडीत पैशाचं मी सांगतो, हेच काम करतो. पहिलं म्हणजे उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी करून घ्या ताई. सरकारी साईटवर आधार पॅन देऊन पूर्ण फुकट होते, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या साईट करून दोनतीन हजार घेणारे एजंट आहेत, त्यांच्याकडे जाऊ नका. फायदा काय तर २००६ च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. वर इन्कम टॅक्समध्ये आता अशी तरतूद आहे की मुदतीत पैसे दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. त्यामुळे मार्च जवळ आला की कंपन्यांचे अकाउंटवाले स्वतः फोन करतात. बिलावर उद्यम नंबर आणि देय तारीख छापा. तरी नाही दिले तर एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार करता येते, वेळ लागतो, पण नोटीस गेली की बऱ्याच वेळा पैसे निघतात.

बिलातून कंपनीने १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच घेतलेला टॅक्स, कापला तर घाबरू नका, तो तुमच्या पॅनवर जमा होतो, रिटर्न भरलं आणि टॅक्स बसत नसेल तर परत येतो. म्हणून उत्पन्न कमी असलं तरी रिटर्न भरायचंच, पुढे कर्ज लागलं तरी तेच कागद मागतात. जीएसटीची नोंदणी वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत सेवेला लागत नाही. परदेशातून पैसे आले तर बँकेकडून त्याचा दाखला मागून फाईलला लावा. लेखनाचं उत्पन्न कुठल्या पद्धतीने दाखवायचं ते पहिल्या वर्षी सीएसमोर बसून एकदा ठरवा, ते व्हॉट्सअ‍ॅपवर विचारू नका कुणाला.

भाषांतरकार_नाशिकरोड
यात एक राहिलं, हक्क. आपण नोकरीत नसताना लिहिलेल्या मजकुराचे पहिले मालक आपणच असतो, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे, आणि लेखी दिल्याशिवाय ते दुसऱ्याकडे जात नाहीत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. तर माहितीपत्रकाचे सगळे हक्क द्यायला हरकत नाही, तो त्यांच्याच मालाचा मजकूर आहे, पण ईमेलमध्ये एक ओळ टाका की पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क तुमचे. बस. आणि हाच मजकूर नमुना म्हणून दाखवायची परवानगी त्याच ईमेलमध्ये मागून घ्या, नंतर मागितली की लोक उत्तर देत नाहीत.

गोदाकाठ
सिंहस्थाची पण कामं निघतील बघा, हॉटेल, ट्रॅव्हलवाले, सगळ्यांना मराठी हिंदी मजकूर लागणार.

अक्षरगंगा
निघतील, आली तर करावीत. पण मृण्मयीने त्यावर आत्ता वेळ घालवू नये, ते वर्षभराचं काम, द्राक्षाचं दरवर्षीचं आहे.

सिडकोकर_मृण्मयी
पहिला नमुना आजपासून लिहायला घेते, काढणीपूर्व कालावधीचा. फक्त एक शेवटचं, ओळखीच्या कंपनीला मेसेज काय करायचा? मला काम द्या असं लिहायला फार संकोच वाटतो.

अक्षरगंगा
काम द्या असं लिहायचंच नाही. जुन्या ओळखीतल्या एकाच माणसाला फोन कर, शक्यतो मार्केटिंग बघणाऱ्या, आणि विचार की शेतकऱ्यांना पाठवायचा मजकूर सध्या कोण लिहितं. तो सांगेलच कुठे अडतंय ते. मग दुसऱ्या दिवशी त्या अडचणीला जवळचा असलेला नमुना पाठव, खाली दोन ओळी, मी काय करते आणि एका पानाचे किती घेते. रक्कम लिहायची लाजू नकोस. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा विचार, मग पुढच्याकडे. काढणीच्या धावपळीत कुणालाही फोन करू नकोस, तुला माहीतच आहे तेव्हा काय अवस्था असते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जरा निवांत असतात, नवीन सीझनचं साहित्य छापायचं पावसाळ्यात ठरतं, त्याच्या आत गाठ.

दिंडोरीचा_बागायतदार
ताई मी लेखक नाही, बाग आहे आमची दिंडोरी तालुक्यात, धागा वाचत होतो. तुमचा नमुना झाला की इथे टाका, मी आणि आमच्या गटातले दोघंतिघं वाचून सांगतो आम्हाला कुठे कळलं नाही ते. आम्हाला जे मेसेज येतात त्यात औषधाचं नाव मोठं असतं आणि किती दिवस थांबायचं ते खाली बारीक अक्षरात असतं, तुम्ही ते पहिल्या ओळीत घ्या. दिवसा बागेत फोन बघणं होत नाही, संध्याकाळी सातनंतर उत्तर देईन.

सिडकोकर_मृण्मयी
हो दादा, नक्की पहिल्या ओळीतच घेते. रविवारपर्यंत टाकते इथे.