घरी ब्लाइंड टेस्टिंग : बेल्जियमच्या आंबट बिअर. मांडणी कशी करावी?

लूवनकर

पारंपरिक आंबट बेल्जियन बिअर घरी ब्लाइंड, म्हणजे ग्लासात कोणती आहे ते माहीत नसताना, चाखायच्या आहेत. माणसं सहा, संध्याकाळ एकच. तूर्त ठरवलेली यादी अशी: बोन औडे ग्यूझ, कांतियों ग्यूझ, औड बेर्सेल औडे ग्यूझ, लिंडेमान्स क्रीक, रोडेनबाख ग्रां क्रू, दुशेस द बुर्गोन्य आणि लीफमान्स गाउडेनबांड.

बाटल्या फॉइलमध्ये गुंडाळल्या की पुरेसं होतं का? किती थंड हव्यात, प्रत्येकाला किती ओतायच्या? आणि गुण कसे द्यायचे? "आंबट", "फार आंबट" आणि "बापरे" यांच्यापुढे सहसा गाडी जात नाही.

तळगाळ

यादी बदला. सात बिअर आहेत, पण घराणी चार. ग्यूझ म्हणजे ब्रुसेल्स आणि शेजारच्या पायोटेनलंडमधली, हवेतल्या आणि पिंपातल्या यीस्ट-जिवाणूंवर आंबलेली लॅम्बिक. एक, दोन आणि तीन वर्षांची पिंपं मिसळून बाटलीत पुन्हा आंबवलेली. रोडेनबाख आणि दुशेस पश्चिम फ्लांडर्सच्या, लाकडी फुडरमध्ये (प्रचंड पिंपांत) मुरलेल्या तांबड्या. गाउडेनबांड औडेनार्डची तपकिरी, ८ टक्के अल्कोहोलची, तिला लाकूड लागत नाही. लिंडेमान्सची साधी क्रीक (चेरी घातलेली लॅम्बिक) गोड केलेली, ३.५ टक्के. डोळे मिटले तरी ही चार घराणी पहिल्या घोटात वेगळी पडतात. मग चाखणं उरतच नाही, नुसतं ओळखणं उरतं.

शिवाय गोड बिअर आंबट रांगेत बसवली की तीच जिंकते. तीन कोरड्या ग्यूझनंतर साखर आली की जिभेला सुटल्यासारखं वाटतं आणि गुण त्या सुटकेला मिळतात. क्रीक हवीच असेल तर "औडे क्रीक" असं लिहिलेली घ्या आणि तिचा दिवस वेगळा ठेवा.

"औडे" हा शब्द शोभेचा नाही. "औडे ग्यूझ" आणि "औडे क्रीक" ही नावं युरोपीय संघात नोंदलेली आहेत. औडे ग्यूझमध्ये मिश्रणाचं सरासरी वय किमान एक वर्ष आणि सगळ्यात जुना भाग किमान तीन वर्षांचा असावा लागतो. पण उलटं धरू नका: कांतियोंच्या लेबलवर "औडे" नसतं, "१०० टक्के लॅम्बिक" असतं, आणि ती पूर्ण पारंपरिक आहे.

पहिल्या संध्याकाळी फक्त तीन ग्यूझ पुरेत: बोन, औड बेर्सेल, टिल्कँ. औड बेर्सेलचा वर्ट (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) कित्येक वर्षं बोनच्याच भट्टीत, पण त्यांच्या स्वतःच्या कृतीने उकळला गेला. पुढची पिंपं आणि मिश्रण त्यांचं. टिल्कँची तर सुरुवातच स्वतः ब्रू न करता बोन, लिंडेमान्स, जिरार्दें, कांतियों यांचा वर्ट आणून मुरवून मिसळण्यातून झाली. म्हणजे तिन्हींची मुळं एकमेकांत गुंतलेली आहेत आणि फरक उरतो तो मुख्यतः पिंपांचा आणि मिसळणाऱ्याच्या हाताचा. तोच शोधायचा आहे ना?

पिंपवाला

यादीबाबत +१. आता बाटल्यांचं बघू.

फॉइल पुरत नाही. गळ्याचा आकार, बूच की पत्र्याचं झाकण, काचेचा जाडपणा, सगळं हाताला कळतं. बाटली चाखणाऱ्यांसमोर येताच कामा नये. एकाने स्वयंपाकघरात ओतायचं आणि ग्लास बाहेर आणायचे. हा ओतणारा चाखण्यात नसतो. असलाच तर त्याचे गुण बेरजेत घेऊ नका.

बाटल्या दोन दिवस आधी उभ्या करून ठेवा म्हणजे साका तळाला बसतो. उघडण्याआधी नीट थंड करा. कोमट ग्यूझ उघडली तर निम्मी सिंकमध्ये जाते. बुचाचा स्क्रू हाताशी हवाच. कांतियोंसारख्या बाटलीला वर पत्र्याचं झाकण आणि त्याखाली सपाट बूच असतं. ते हाताने निघत नाही. जुनं बूच तुटलं तर उरलेला तुकडा आत ढकलू नका, स्क्रू तिरका घालून काढा.

ओतताना होणारी नेहमीची चूक: एक ग्लास भरला की बाटली सरळ करायची, मग पुढचा. दर वेळी साका ढवळला जातो. पहिल्याला नितळ मिळते, सहाव्याला गढूळ आणि कडवट, आणि नंतर दोघं एकाच बिअरवर भांडत बसतात. सहाही ग्लास एका ओळीत चिकटून मांडा, बाटली आडवी झाली की तशीच आडवी ठेवून सलग ओता. तळाचे साधारण ४० मिली सोडून द्या.

तापमान १२ अंशांच्या आसपास. ४-५ अंशांवर वास मिटलेला असतो आणि आंबटपणा बोचरा लागतो. १८ च्या वर गेलात तर व्हिनेगर आणि नेलपॉलिश रिमूव्हरकडे जाणारा वास पुढे येतो आणि चांगली बिअरही बिघडलेली वाटते. फ्रिजमधून काढल्यावर घड्याळ बघू नका. एक जादा ग्लास ओतून त्यात थर्मामीटर बुडवा.

कोरडा घसा

गुणांकडे जाण्याआधी एक त्रिकोणी चाचणी करा. प्रत्येकासमोर तीन ग्लास: दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा कोणता, एवढंच विचारायचं. "माहीत नाही" चालत नाही, अंदाज सांगायचाच. नुसत्या अंदाजाने तिघांपैकी एकाचं बरोबर येतं. म्हणून सहा जणांत चौघांचं बरोबर आलं तरी टाळ्या वाजवू नका; दहात एकदा ते नशिबानेही होतं. पाच बरोबर आले तर फरक खरा धरा. आठ जण असतील तर सहा लागतात.

मांडण्या सहा होतात: अअब, अबअ, बअअ, बबअ, बअब, अबब. सहा जणांना एकेक वाटा. एकूण नऊ ग्लास अ चे, नऊ ब चे. ३५ मिलीच्या हिशेबाने प्रत्येकी ३१५ मिली, म्हणजे साका सोडूनही ३७५ ची एक बाटली बरोबर पुरते. प्रत्येक बिअर एकाच बाटलीतून यायला हवी. दोन बाटल्या लावल्यात तर बाटली-बाटलीतला फरकच सापडेल. जोडी अर्थात बोन आणि औड बेर्सेल.

ग्लासवर क, ख नको, १, २ ही नको. माणूस "अ" ला नकळत वरचा मान देतो. तीन आकडी अंक चिकटवा: ४७१, २०८, ९३६ असे कसेही.

दुसरी फेरी गुणांची. तीन बिअर, पण नमुने चार: टिल्कँ दोनदा, वेगवेगळ्या अंकांनी, आणि हे कोणाला सांगायचं नाही. ज्याने एकाच बिअरला एकदा ८ आणि एकदा ५ दिले, त्याच्या बाकीच्या गुणांतला दोनेकांचा फरक मोजू नका. यादी कितीही चांगली निवडा, हा लपवलेला जुळा नसेल तर गुणतक्त्याला अर्थ नाही.

चाखण्याचा क्रम प्रत्येकाचा वेगळा (चार नमुने अ, ब, क, ड; एक ओळ एकाची):
अ ब ड क
ब क अ ड
क ड ब अ
ड अ क ब
यात प्रत्येक नमुना दुसऱ्या प्रत्येकाच्या लगेच मागे एकदाच येतो. नुसता क्रम सरकवत नेला (अबकड, बकडअ...) तर ब कायम अ च्याच मागे लागतो आणि अ फार आंबट असेल तर ब ला फुकटचे गुण मिळतात. सहा जणांत पहिल्या दोन ओळी पुन्हा वापरा. चोख नाही, चालेल.

खरेदी: बोन आणि औड बेर्सेल ३७५ च्या दोन-दोन, टिल्कँ ७५० ची एक. गुणांच्या फेरीत ४५ मिली ओता. दोन्ही फेऱ्या मिळून माणशी पावणेतीनशे मिलीच्या थोडं वर जातं. त्याहून जास्त दिलंत तर शेवटच्या ग्लासांचे गुण जीभ देत नाही, नशा देते.

लूवनकर

बोन आणि औड बेर्सेलचं नातं माहीत नव्हतं, धन्यवाद. दुसऱ्या फेरीला २४ ग्लास लागतील, घरात काचेचे बारा आहेत. उरलेल्यांना स्टीलचे पेले किंवा कागदी कप चालतील? आणि जगमध्ये गाळून ओतलं तर साक्याची कटकट जाईल ना?

पिंपवाला

कागदी कप नको, मेणाचा आणि कागदाचा वास येतो. स्टीलच्या सरळ पेल्यात वास साठत नाही, तोंडाला धातू लागतो. मुख्य म्हणजे सगळ्यांना सगळ्या नमुन्यांसाठी एकच प्रकारचं भांडं हवं, अर्धे काचेचे आणि अर्धे स्टीलचे ही सगळ्यात वाईट सोय. बारा ग्लासांत दोन-दोन नमुने करून घ्या, मधे गरम पाण्याने धुवा. साबणाचा अंश राहिला तर फेस लगेच मरतो. फडक्याने पुसू नका, उपडे ठेवून निथळू द्या.

जगला माझा विरोध. ग्यूझचा निम्मा जीव त्या फसफशीत आहे.

तळगाळ

विरोध अर्धाच मान्य. फसफस हाच मोठा फसवा आहे. जास्त गॅस असलेली बिअर जास्त आंबट लागते. बिअरचं स्वतःचं आम्ल तेवढंच असतं, बोचरेपणा वाढतो. म्हणून पहिले दोन घोट आहे तसे घ्या, लिहा, मग ग्लास गोल फिरवून गॅस उडवा आणि उरलेलं पुन्हा चाखा. दोन ग्यूझ पहिल्यांदा वेगळ्या आणि नंतर सारख्या वाटल्या, तर तुम्ही फेसाला गुण देत होतात.

जग वापरलाच तर तिन्हींना वापरा. एकीला जग आणि दोघींना बाटली, हे नाही.

दात आंबले

शब्दांचा प्रश्न राहिला. मराठी माणसाला आंबट शिकवायला नको, फक्त आंबटाला एकच शब्द पुरतो ही समजूत सोडावी लागते. ताकाचा आंबटपणा म्हणजे लॅक्टिक: गोल, जिभेच्या कडांना, घशाखाली उतरल्यावर शांत. व्हिनेगरचा म्हणजे ॲसेटिक: नाकात जातो, घशात जळतो. चांगल्या ग्यूझमध्ये पहिला पुढे असतो आणि दुसरा काठावर. फ्लांडर्सच्या तांबड्या बिअरमध्ये दुसऱ्याला जास्त जागा असते. लिंबाची, कैरीची आठवण वासात येऊ शकते, पण आम्ल ते असेलच असं नाही. दात आंबणं ही वेगळी नोंद करा, ती एकूण आम्लाची खूण आहे. टाळू कोरडी पडणं म्हणजे तुरट, ते लाकडाचं. या दोघांची गल्लत सगळ्यात जास्त होते.

आधी जीभ लावून घ्यायला दोन नमुने करा. ५०० मिली हलक्या लागरमध्ये १ मिली खाद्य लॅक्टिक आम्ल (८८ टक्के): लिटरला सुमारे २ ग्रॅम. दुसऱ्या ५०० मिलीत ५ टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर १० मिली: लिटरला १ ग्रॅम ॲसेटिक. दोन्ही शेजारी ठेवून चाखा. लॅक्टिक आम्ल मिळालं नाही तर दह्यावरचं पाणी थोडं घाला, मोजमाप राहणार नाही पण जात कळेल.

कागदावर पाचच रकाने पुरेत: ताकाचा आंबट, व्हिनेगरचा आंबट, गोठा-तबेला-ओलं चामडं (हे ब्रेट यीस्टचं, दोष नव्हे), कडू-तुरट, आणि किती वेळ चव टिकली. प्रत्येकी ० ते १०. "आवडली का" हे शेवटी, स्वतंत्र. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत बोलणं बंद आणि तोंड वाकडं करणंही बंद. एकाने भुवया उंचावल्या की पाच जणांचे गुण बदलतात.

दोष ओळखायचे असतील तर हे तीन. दह्याला येते तशी तार: पेडिओकॉकस या जिवाणूचं काम. तरुण बाटलीत दिसते, ब्रेट ती पुढे खाऊन टाकतो, म्हणून बाटली फेकू नका, महिने थांबा. ओल्या पुठ्ठ्याचा, तळघराचा वास: बूच खराब. थांबून उपयोग नाही, दुसरी बाटली काढा. तिसरा उंदराच्या लेंडीसारखा, काहींना शिळ्या पोह्यांसारखा लागतो. हा ग्लासात नाकाला येत नाही. गिळल्यावर दहा-वीस सेकंदांनी मागून येतो, कारण बिअरच्या आम्लात तो दबलेला असतो आणि लाळेने आम्ल उतरलं की सुटतो. काही जणांना तो अजिबात कळत नाही, त्यावरून वाद घालू नका. शंका असेल तर थोडी बिअर तळहाताच्या मागे चोळून हुंगा, किंवा वेगळ्या ग्लासात चिमूट खाण्याचा सोडा टाका. फेस ओसरला की वास उघडा पडतो.

टेबलावर साधं पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे किंवा पांढरा पाव. चीज नको, चिवडा मुळीच नको. बडीशेप-पान-कॉफी तासभर आधी बंद. आणि संपल्यावर लगेच दात घासू नका, पाण्याने चूळ भरा. आम्लाने मऊ पडलेल्या दातांवर ब्रश नको.

पुणेरी पाहुणा

बेल्जियमहून पुण्यात आणायच्या तर किती आणता येतात? प्रवासात खराब होतात का?

पिंपवाला

करमुक्त मर्यादा माणशी दोन लिटर, बिअर त्यातच मोजली जाते. ३७५ च्या पाच म्हणजे १.८७५ लिटर, बसतात. टिल्कँची ७५० ची घेतली तर तिच्याबरोबर तीनच ३७५ च्या. चेक-इन सामानात, प्रत्येक बाटलीवर एक पायमोजा आणि प्लास्टिक पिशवी. विमानात फार बिघडत नाही, बिघडतं ते विमानतळ ते घर या उन्हात. पोचल्यावर दोन आठवडे थंड, अंधाऱ्या जागी उभ्या ठेवा. साका बसायला तेवढा वेळ द्या. हिरव्या काचेच्या असतील तर ट्यूबलाइटखाली शोभेला मांडू नका.

लूवनकर

ठरलं: तीन ग्यूझ, टिल्कँ दोनदा. तांबड्यांच्या संध्याकाळी त्रिकोणाला कोणती जोडी?

कोरडा घसा

साधी रोडेनबाख आणि ग्रां क्रू. साधीत चौथा हिस्सा फुडरमधली जुनी आणि तीन हिस्से तरुण. ग्रां क्रूमध्ये दोन तृतीयांश जुनी. एकाच घरातलं प्रमाण तेवढं बदललेलं, व्हिनेगरचा रकाना किती सरकतो ते लगेच दिसतं. रंगात थोडा फरक आहे, म्हणून खोलीत दिवा मंद ठेवा किंवा ग्लासांना बाहेरून काळा कागद गुंडाळा. दुशेस त्यानंतर, गुणांच्या फेरीत सगळ्यात शेवटी. ती गोडसर आहे; मधे आली तर तिच्यामागे लागणारी प्रत्येक बिअर उगाच पातळ आणि आंबट वाटेल. क्रमाच्या तक्त्याला इथे अपवाद करा.