खोता, सेव्हियानास, फांदांगो: तिन्ही तीन मात्रांचे, मग नुसत्या कानाने ओळखायचे कसे?

प्रश्न
स्पेनमधली तीन नृत्यगीतं, आरागॉनचा खोता, सेव्हियाचं सेव्हियानास आणि वेल्वाचा फांदांगो, ऐकतोय. तिन्हींत गिटार आणि तीनची चाल. तबल्याची सवय असल्याने मात्रा मोजता येतात, पण फरक पकडता येत नाही. कशावर लक्ष ठेवावं? आणि हे सगळं फ्लामेंकोच (दक्षिण स्पेनची गाण्या-नाचाची परंपरा) का?

प्रतिसाद १
मात्रा मोजून हाती काही लागणार नाही. कडवं कसं उलगडतं ते ऐका.

खोत्याचं कडवं चार ओळींचं, पण गाताना त्याचे सात तुकडे होतात: दुसरी, पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, चौथी, पहिली. साथीला बहुतेक वेळ दोनच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आलटून पालटून, मेजरमध्ये.

फांदांगोत सहा तुकडे. कडव्यांच्या मधे गिटार ए मायनर, जी, एफ, ई अशी उतरत येते. कडवं सुरू झालं की गाणं सी मेजरमध्ये सरकतं आणि सहाव्या तुकड्याला एफवरून परत ईवर येऊन टेकतं. भैरवीचा कोमल रिषभ ओळखणाऱ्या कानाला ही एफ-ई उतरण चुकवताच येत नाही. तिन्हींतली सगळ्यात खात्रीची खूण हीच.

प्रतिसाद २
कॅस्टनेटचा (नाचताना हातात वाजवायच्या जोडचकत्यांचा) आवाजही सांगतो. आरागॉनमध्ये ते मधल्या बोटाला बांधतात आणि मनगटाच्या झटक्याने वाजवतात, म्हणून ठोका मोकळा आणि दणदणीत. सेव्हियात दोरी अंगठ्यात: डावा हात खालच्या सुराचा सुटा ठोका देतो, उजवा वरच्या सुराचा, करंगळीपासून तर्जनीपर्यंत चार बोटं ओळीने सोडून. नवशिके तर्जनीपासून सुरू करतात आणि लड तुटते.

खोत्यामागे बांदुर्रियाचा नखीने छेडलेला टणत्कार असला तर शंकाच नको.

प्रश्नकर्ता
उत्तम! सेव्हियानासमध्ये नाच नेमका कधी उचलायचा? गाणं सुरू होताच पाऊल टाकलं की पुढे सगळं चुकतं.

प्रतिसाद ३
कारण ती पहिली गायलेली ओळ नाचाची नसते. क्रम असा: गिटार, मग गायकाची सुरुवातीची ओळ, मग पुन्हा थोडी गिटार, आणि त्यानंतर कडवं. डावा पाय त्या कडव्याबरोबर पुढे. मूळ पदन्यास सहा मात्रांचा, म्हणजे तीनची दोन आवर्तनं. प्रत्येक नाचाचे तीन भाग, आणि असे चार नाच ओळीने. तिसऱ्या भागाच्या शेवटच्या ठोक्याला गाणं आणि अंग दोन्ही एकदम थांबतात, हात वर. तो ठोका हुकला तर जोडी विस्कटलेली दिसते, बाकी कितीही नीट नाचली तरी.

फ्लामेंकोबद्दल: खोता नाही. सेव्हियानास मूळचा सेगिदिया या नृत्यगीताचा, लोकनृत्याच्या घरातला. फ्लामेंकोवाल्यांनी आपलासा केला. वेल्वाचा फांदांगो दोन्हीकडे नांदतो.

तबल्यावाल्यांसाठी एक महत्त्वाचं. पुढे बुलेरियास किंवा सोलेआ हे फ्लामेंकोचे प्रकार ऐकाल तेव्हा बारा मात्रा भेटतील, पण त्यांना एकतालाची सम लावू नका. जोर १२, ३, ६, ८, १० वर येतो आणि वाक्य पुरं होतं ते दहाव्यावर. एकवर पोचायची वाट पाहत बसलात तर दर आवर्तनाला टाळी उशिरा पडेल. मोजणी बारापासूनच सुरू करा: बारा, एक, दोन, तीन. आधी नुसत्या टाळ्यांवर, संथ सोलेआत. बुलेरियासच्या वेगात ते कानाला सापडणं फार कठीण.