मदत हवी आहे : रेम्ब्रांटची कॉपी जमते, पण आईचं ग्रेस्केल (नुसत्या करड्या छटांतलं) पोर्ट्रेट राख फासल्यासारखं का दिसतं?

नमस्कार मंडळी,

डिजिटल पोर्ट्रेट करणारे किंवा ऑइलमध्ये काम केलेले कोणी इथे असतील तर थोडी मदत हवी आहे. प्रश्न लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकं कुठे अडतंय ते कळणार नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझ्याकडे स्क्रीन नसलेला साधा पेन टॅब्लेट आहे, लॅपटॉपला जोडून क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये काढते. रंग सध्या पूर्ण बाजूला ठेवलेत. चेहरा आधी उजेड आणि सावलीत कळायला हवा, कुठली जागा किती उजळ किती गडद हे हाताला यायला हवं, मग रंग, असं मनाशी ठरवलंय. आणि ही काही कॉम्प्युटर आल्यावर निघालेली पद्धत नाहीये. सतराव्या शतकातल्या व्हॅन डाइक या चित्रकाराने छापील पोर्ट्रेट्सच्या मालिकेसाठी माणसांचे चेहरे ऑइलमध्येच पण नुसत्या करड्या-तपकिरी छटांत रंगवले होते, एनग्रेव्हिंग (छापण्यासाठी धातूच्या पत्र्यावर चित्र कोरणं) करणाऱ्यांना त्यावरून काम करता यावं म्हणून. अँग्र या फ्रेंच चित्रकाराच्या ओडालिस्क नावाच्या, पहुडलेल्या स्त्रीच्या चित्राची एक करडी आवृत्ती न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आहे, ती ऑनलाइन बघितल्यापासून तर मला रंगांची घाईच राहिली नाही, इतकं सगळं त्या करड्यात आहे.

अभ्यासाला मी मुख्यतः रेम्ब्रांट हा जुना डच चित्रकार घेतलाय. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये त्याचं साधारण १६२८ सालचं सेल्फ पोर्ट्रेट आहे, जेमतेम वीतभर उंचीचं. उजेड फक्त गालावर, कानाच्या पाळीवर आणि मानेवर पडलाय, डोळे जवळजवळ पूर्ण अंधारात, आणि तरी तो आपल्याकडे बघतोय हे कळतं. केसांच्या बटा त्याने ओल्या रंगात ब्रशच्या मागच्या टोकाने ओरखडून काढल्यात, म्युझियमच्या साइटवर झूम केलं की एकेक ओरखडा दिसतो. हे चित्र मी ग्रेमध्ये बदलून शेजारी ठेवते आणि बघून काढते. ते बऱ्यापैकी जमतं. लांबून बघितलं तर तोच माणूस वाटतो.

पण आता मला आईचं पोर्ट्रेट करायचंय. खिडकीजवळ बसलेली, एका बाजूने उजेड, मोबाईलवर फोटो काढलाय, फोटो सुंदर आहे. आई सावळी आहे, कपाळावर मोठं कुंकू, पांढऱ्या काठाची गडद साडी. आणि इथे सगळंच बिघडतं. गाल गोल दिसावा म्हणून उजळ करत जाते तर चेहऱ्यावर राख फासल्यासारखं दिसतं, आणि गडद ठेवला तर चपटा, कागद कापून चिकटवल्यासारखा. फोटो ग्रेमध्ये बदलला की कुंकू जवळजवळ गायबच होतं, ते का हेही कळत नाहीये. आईला मला गोरी करायची अजिबात नाही हे आधीच सांगते, तिचा सावळेपणा जसाच्या तसा हवा आहे, त्यासाठीच एवढा खटाटोप चाललाय.

तर मला विचारायचंय ते हे, की सावळ्या चेहऱ्यासाठी अभ्यासाला कुठली जुनी चित्रं घ्यावीत? मूळ चित्रातून आयड्रॉपरने (चित्रातली नेमकी शेड उचलणाऱ्या टूलने) शेड उचलावी की नजरेनेच ओळखावी? आणि कडा, एअरब्रशने (मऊ कडांच्या डिजिटल ब्रशने) सगळं मऊ केलं की बाहुली दिसते, हार्ड ब्रशने केलं की ओबडधोबड, मग त्या कडांचं नेमकं काय करायचं? जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद

कुंकवाचं उत्तर माझ्याकडे आहे. ग्रेमध्ये बदलताना तुम्ही बहुतेक नुसतं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) शून्य करताय. त्यात सॉफ्टवेअर लाल, हिरवा, निळा यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा घेऊन मधला काढतं, त्यामुळे भडक पिवळा आणि भडक निळा दोन्ही एकाच करड्यात जातात. डोळ्याला तर पिवळा कितीतरी उजळ दिसतो. कुंकवाचा लाल आणि सावळी त्वचा या हिशोबात अगदी जवळजवळ येतात, म्हणून कुंकू त्वचेत विरघळतं.

क्रिटात डिसॅच्युरेट फिल्टर उघडा, त्यात लाइटनेस, ल्युमिनॉसिटी, अॅव्हरेज असे पर्याय आहेत. ल्युमिनॉसिटी घ्या. त्यात हिरव्याला साधारण ७२ टक्के, लालला २१ आणि निळ्याला ७ टक्के वजन असतं, डोळ्याच्या बरंच जवळ जाणारं. कुंकू लगेच गडद होऊन वर येईल. ओठांचाही फरक पडेल बघा. जुन्या चित्रांनाही हेच करा, नाहीतर त्यातले लालसर भाग सगळे चुकीच्या शेडने शिकाल.

प्रतिसाद

ताई, मी बरीच वर्षं ऑइलमध्ये पोर्ट्रेट करतोय, डिजिटल फारसं नाही, पण अडचण माध्यमाची नाहीये म्हणून लिहितो.

सावळ्या चेहऱ्यासाठी एकच चित्र घ्यायचं असेल तर व्हेलाझ्केझ या स्पॅनिश चित्रकाराने केलेलं हुआन दे परेहाचं पोर्ट्रेट घ्या. १६५० मध्ये रोममध्ये केलेलं, आता मेटमध्ये आहे. परेहा हा त्याच्याकडे गुलाम म्हणून काम करत होता, त्याच वर्षी त्याच्या मुक्ततेचा कागद झाला आणि पुढे तो स्वतः चित्रकार म्हणून काम करू लागला. व्हेलाझ्केझने त्याला काय ताठ मानेने उभा केलाय बघा. आता त्याची पांढरी कॉलर बघा आणि मग कपाळावरचा सगळ्यात उजळ ठिपका बघा. नुसतं कपाळ बघितलं तर वाटतं केवढं चमकतंय. कॉलरशेजारी ठेवून बघितलं की कळतं, ती चमकसुद्धा कॉलरपेक्षा बरीच खाली आहे. सगळी गोम इथे आहे. पांढरा कुठे आहे हे त्याने कॉलरने सांगून टाकलं, त्यामुळे चेहरा गडद ठेवूनही तो उजेडात आहे हे आपल्याला पटतं.

तुमच्या आईच्या साडीचा पांढरा काठ हीच तुमची कॉलर. चेहऱ्याला हात लावण्याआधी काठाची शेड लावा आणि केसांतला सगळ्यात गडद भागही लावून ठेवा. मग या दोन टोकांमध्ये चेहरा कुठे बसतो ते ठरवा. पांढऱ्या कॅनव्हासवर थेट चेहऱ्यापासून सुरुवात केली तर कुठलाही करडा जास्तच काळा वाटतो आणि मग हात आपोआप उजळ करत जातो.

राख फासल्यासारखं का होतं तेही सांगतो. गाल गोल दाखवायला आपण उजेडातल्या मधल्या छटांमध्ये पांढरा मिसळत जातो. सावळ्या त्वचेत त्या मधल्या छटा मुळात खालीच असतात आणि एकमेकींच्या जवळ असतात. चमक मात्र त्वचेच्या वरच्या थरावरून, तेलकटपणावरून येते, तिचा त्वचेच्या रंगाशी फारसा संबंध नसतो. म्हणून सावळ्या चेहऱ्यावर चमक जास्त उठून दिसते, पण ती लहान आणि नेमकी असते. नाकाचा शेंडा, गालाचं हाड, कपाळाचा एक तुकडा, खालच्या ओठाचा ओलसर भाग, एवढंच. ती चमक पसरवून गालभर केली की झाली राख. मधल्या छटा दाबून ठेवा आणि चमक अगदी शेवटी, थोड्याच जागी द्या.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. ल्युमिनॉसिटी करून बघितलं, कुंकू खरंच वर आलं आणि ओठसुद्धा एकदम खरे दिसायला लागले! परेहाचं चित्र उतरवून घेतलंय, कॉलर झाकून आणि उघडी ठेवून दोन्ही प्रकारे बघितलं, फरक बघून अंगावर काटा आला. फक्त एक शंका आहे. आईच्या फोटोत सावलीकडची बाजू मला फारशी गडद दिसतच नाहीये, उजेडातली आणि सावलीतली शेड जवळजवळ सारखी वाटते, मग मी सावली कुठून सुरू करू?

प्रतिसाद

मोबाईलचा फोटो ना? आजकालचे फोन सावल्या स्वतःच उजळ करतात आणि चेहरा दिसला की अजूनच. त्यामुळे उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू एकमेकींत शिरतात. शक्य असेल तर आईंना पुन्हा त्याच खिडकीत बसवा, घरातले दिवे बंद करा, फोनमध्ये एचडीआर (सावल्या आपोआप उजळ करणारी सोय) बंद करा आणि चेहऱ्याच्या उजेडातल्या भागावर बोट ठेवून एक्स्पोजर थोडं खाली ओढा. आणि शक्य असेल तर फोटोसोबत प्रत्यक्ष आईंकडेही बघा, डोळे किलकिले करून. तसं बघितलं की बारीकसारीक छटा जातात आणि चेहऱ्याचे सरळ दोन भाग दिसतात, एक उजेडातला आणि एक सावलीतला. क्रिटात थ्रेशोल्ड फिल्टर (चित्र नुसतं काळं-पांढरं करणारा) लावून स्लायडर सरकवला तरी ही सीमारेषा सापडायला मदत होते.

ती सीमा एकदा काढली की एक नियम पाळायचा, सावलीतली सगळ्यात उजळ जागा उजेडातल्या सगळ्यात गडद छटेपेक्षा गडदच राहिली पाहिजे. जबड्याखाली साडीवरून परतून येणारा उजेड दिसतो, तो मोह पाडतो, उजळ करावासा वाटतो, पण तो सावलीतच आहे हे विसरायचं नाही. चेहरा चपटा दिसण्याचं हे फार मोठं कारण असतं.

आयड्रॉपरबद्दल सांगायचं तर आधी अंदाज, मग आयड्रॉपर. नजरेने शेड ठरवा, लावा, आणि मग मूळ चित्रावर तपासा किती चुकलं ते. आधीच उचलली तर कॉपी हुबेहूब येईल पण नजर तिथेच राहील. शेजारच्या शेडमुळे डोळा किती फसतो त्यासाठी एमआयटीच्या एडवर्ड अॅडेल्सनचं १९९५ मधलं बुद्धिबळाच्या पटाचं चित्र बघा, सावलीतला पांढरा चौकोन आणि उजेडातला काळा चौकोन अगदी एकाच करड्याचे आहेत, आणि माहीत असूनही डोळा मानत नाही.

कडांसाठी व्हर्मीर या डच चित्रकाराची मोत्याचं डूल घातलेली मुलगी घ्या, साधारण १६६५, हेगच्या मॉरित्सहाउसमध्ये आहे. तिच्या नाकाचा दांडा आणि पलीकडचा गाल यांच्यात रेघच नाहीये. दोन्ही एकाच शेडमध्ये मिसळून गेलेत आणि तरी आपल्याला तिथे नाक दिसतं. मोतीसुद्धा जेमतेम दोन फटकाऱ्यांचा आहे, वर एक चमक आणि खाली कॉलरचा परतून आलेला उजेड, अडकवायची कडीही काढलेली नाही. एकच ब्रश सगळीकडे मऊ किंवा सगळीकडे कडक चालवायचा नसतो. नाकाखाली पडलेली सावली नाकाजवळ धारदार असते आणि लांब जाईल तशी मऊ होत जाते. गाल गोल म्हणून तिथे सावलीची कड मऊ, नाकाच्या हाडावर जरा कडक. मी हार्ड राउंड ब्रशच वापरतो, प्रेशरवर ओपॅसिटी ठेवून (पेन जितका दाबू तितका रंग दाट), आणि दोन शेडच्या मधली शेड उचलून मध्ये लावत जातो. एअरब्रश अगदी शेवटी, तोही एखाद्याच जागी.

प्रतिसाद

वरचं सगळं बरोबर आहे, माझी एक भर. सगळी युरोपातलीच चित्रं कशाला, आपले हळदणकर घ्या की. सावळाराम हळदणकर, सावंतवाडीचे. हातात दिवा घेतलेल्या बाईचं त्यांचं १९४५-४६ चं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, त्यांची मुलगी त्यासाठी उभी राहिली होती. अनेक जण ते रविवर्म्याचं समजतात याचं मला फार वाईट वाटतं. ज्योतीपुढे धरलेल्या हाताच्या बोटांतून लालसर उजेड झिरपतोय, आणि सगळा उजेड खालून चेहऱ्यावर येतोय. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा ठेवलेला कागद, त्यामुळे उजेड कुठे राहणार हे आधीच पक्कं ठरवावं लागतं, नंतर पांढरा फासायची सोयच नाही. तुम्हीही एकदा हलक्या करड्यावरून फक्त गडद करत जाऊन चेहरा काढून बघा, पांढऱ्याला हातच न लावता.

फक्त हे चित्र ग्रेमध्ये बदलल्यावर बोटांमधला तो प्रकाश निम्मा हरवेल, कारण तिथली जादू लाल रंगाची आहे, लाल ग्रेमध्ये गेला की काळपट होतो. म्हणून रंगीत आणि करडं दोन्ही शेजारी ठेवून बघा, कुठलं काम शेडने केलंय आणि कुठलं रंगाने, ते लख्ख कळतं.

धागाकर्ती

हळदणकरांचं चित्र मी लहानपणी कॅलेंडरवर बघितलंय आणि मीही ते रविवर्म्याचंच समजत होते! आजच दोन्ही आवृत्त्या शेजारी लावते. आईला उद्या सकाळी दिवे बंद करून परत खिडकीत बसवणार आहे, ती तयार आहे. अजून एक विचारू का, हे सगळं स्क्रीनवर बघणं आणि प्रत्यक्ष चित्र बघणं यात शेडच्या दृष्टीने फार फरक पडतो का? मी सातारला असते, इथून जवळ काही आहे का?

प्रतिसाद

पडतो, खूप पडतो. स्क्रीन स्वतः उजेड फेकते आणि जुन्या चित्रावरचं व्हार्निश पिवळं पडलेलं असतं, फोटो घेणाऱ्याने त्यातलं काय दुरुस्त केलंय तेही आपल्याला दिसत नाही. घरी काम करताना निदान नाइट लाइट बंद ठेवा आणि ब्राइटनेस रोज एकच ठेवा. फाइल्ससाठी मेटने २०१७ पासून कॉपीराइट संपलेल्या चित्रांचे मोठे फोटो मोफत खुले केलेत, राइक्सम्युझियमचेही उतरवता येतात.

आणि सातारला राहता तर औंधला जा ना! औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधी राजांनी उभारलेलं श्री भवानी संग्रहालय तिथे आहे, रविवर्म्याची मूळ ऑइल चित्रं समोर उभं राहून बघता येतात. जाताना छोटी वही आणि मऊ पेन्सिल न्या. कॉपी करत बसू नका, प्रत्येक चित्राचा काडेपेटीएवढा चौकोन काढा आणि त्यात फक्त तीन शेड भरा, पांढरा, मधला, काळा. फोटो काढायला परवानगी आहे का ते आत जाताना विचारून घ्या.